पेटी तिथंच राहिली

सरांनी पेटी माझ्या डोक्यावर ठेवली आणि वर्गाला विचारलं, "व्हॉट इज शी डूइंग?"

वर्ग ओरडला, "शी इज कॅरिंग अ बॉक्स!"

पेटी सरांचीच होती. पत्र्याची, हिरवी, पुस्तकांनी भरलेली. तिचा एक कोपरा माझ्या डोक्यात रुतत होता. खाली चुंबळ नव्हती. मी दोन्ही हातांनी पेटी धरून फळ्यासमोर उभी होते. पहिल्या बाकावरचे खाली बघून हसत होते.

मग सरांनी दिवाकरला उठवलं. हा मालगुजाराचा, गावच्या जमीनदाराचा मुलगा. इस्त्रीचा सदरा, तेल लावून बसवलेले केस. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, हात पाठीमागे बांधून. सरांनी विचारलं, "अँड व्हॉट डू यू कॅरी?"

त्याचं पाठ होतं. "आय कॅरी माय फादर्स नेम."

सर वर्गाकडे वळले. "बघा. क्रियापद एकच आहे, कॅरी. हिच्याकडे पाहिलं की अर्थ डोळ्यांना दिसतो. डोकं आहे, वजन आहे. हा साधा अर्थ. दिवाकरच्या हातात काही नाही, तरी तोही काहीतरी नेतो आहे. घराण्याचं नाव. हा वरचा अर्थ. हा दिसत नाही, समजून घ्यावा लागतो."

मला समजला होता. एका दमात समजला होता. मी पेटीखालून म्हणाले, "सर, मी पण दुसरं वाक्य म्हणू?"

"कोणतं?"

"आय कॅरी माय फादर्स नेम."

सरांनी खडू टेबलावर ठेवला. माझ्याकडे असं पाहिलं, जसं कुणी उंबरठ्यावर आलेल्या कुत्र्याकडे पाहतं. रागानं नाही. आत येतं की काय, एवढंच.

"तुझ्या बापाचं नाव?" ते म्हणाले. "ते कोणाला ठाऊक आहे गं? तुला एक वाक्य दिलंय ना. तेवढं धर."

वर्ग फुटला हसून. दिवाकर सगळ्यांत शेवटी हसला. घंटा होईपर्यंत मी तशीच उभी होते. मागच्या बाकावरून आमच्या मोहल्ल्यातली शेवंता म्हणाली, "सर, तिची मान दुखून राहिली." सर म्हणाले, "राहू दे. सवय आहे तिला."

सवय होती, हे खरं. तलावावरचं पाणी, रानातलं सरपण, वेळप्रसंगी धानाचे भारे, सगळं माझ्या डोक्यावरूनच घरी यायचं. ओझ्याला मी कधी भ्याले नाही. आजही भीत नाही.

---

आज मी सौदे करणारी बाई आहे. लाखनीच्या अलीकडे, हायवेवरून आमच्या गावाचा कच्चा रस्ता फुटतो त्या फाट्यावर माझं दुकान आहे. अख्ख्या तलावांचे शिंगाडे मी बोली लावून घेते. वांगी, लाखोरीची डाळ, हिवाळ्यात शेंगा. ट्रकवाले थांबतात, घासाघीस करतात, हरतात आणि पुन्हा येतात. मला तापट म्हणतात. मी तापट आहे. थंड डोक्याच्या बाईला या हायवेवर कोणी उभं राहू दिलं नसतं.

फुकट माल नेणारं गिऱ्हाईक कसं येतं, ते मला दुरून कळतं. ते भाव विचारत नाही. आधी चव पाहायला एक शिंगाडा उचलतं. तुम्ही बोलला नाहीत की मूठ भरतं. मुठीला बोलला नाहीत की पिशवी पुढे करतं. आणि ज्या दिवशी तुम्ही हात आडवा घालता, त्या दिवशी तेच तुम्हाला विचारतं, रोज देता ना, आज काहून नाही?

सरांनी आमच्याकडून काय नेलं, ते मला इथं बसल्यावर समजलं. वर्गात समजलं असतं, तर पहिलाच शिंगाडा उचलू दिला नसता.

---

आमचं गाव हायवेपासून आत आहे. मधे सगळी धानाची बांधी, बांध घातलेली भाताची शेतं. पावसाळ्यात तो रस्ता म्हणजे नुसता चिखल. बैलबंडी रुतते, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. पूर्वी मालगुजाराकडचा पाहुणा हायवेवर उतरला की आमच्या मोहल्ल्यातला माणूस आधीपासून तिथं उभा असायचा. पाहुण्याची पेटी, वळकटी, आंब्यांची करंडी, सगळं डोक्यावर घेऊन वाड्यापर्यंत. त्याला मजुरी नव्हती. तो रिवाज होता. माझा बाप लहानपणापासून तेच करत होता.

छप्पन साली आमचे लोक नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. परत आल्यावर बापानं आपली चुंबळ चुलीत घातली. तेव्हापासून आमच्या मोहल्ल्यातून कोणी मालगुजाराची पेटी उचलली नाही. बाप बिड्या वळू लागला. माय धानाच्या रोवण्याला मालगुजाराच्याच शेतात जायची, पण तिथं मजुरी होती. कामाला ना नव्हती. रिवाजाला ना होती.

मालगुजारी कधीच गेली होती. मालगुजार गेला नव्हता. एका पावसाळ्यात त्याच्या जावयाला स्वतःची पेटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन चिखलातून यावं लागलं. तो वाटेत दोनदा पडला म्हणतात. गाव तोंडात पदर घालून हसलं. मालगुजार ते हसू विसरला नाही. तो कधी चढ्या आवाजात बोलायचा नाही. नुसता थांबायचा.

आणि मग आणीबाणीच्या आदल्या वर्षी हे इंग्रजीचे सर आले. राहायला मालगुजाराच्या ओसरीवरची खोली. भाडं नाही, जेवण वाड्यातलं.

सरांची शिकवण्याची पद्धत गावाला फार आवडली. क्रियापद तोंडानं शिकायचं नाही, करून शिकायचं. आय अ‍ॅम ओपनिंग द डोअर म्हणत दार उघडायचं. आय अ‍ॅम रायटिंग म्हणत लिहायचं. पुढच्या बाकांना लिहिणं, वाचणं, उघडणं, बसणं मिळायचं. आम्हाला कॅरी मिळालं.

त्या पेटीच्या तासानंतर सरांनी आम्हाला थांबवलं. आम्ही मोहल्ल्यातली चार-पाच मुलं-मुली. म्हणाले, "तुमचं वाक्य कच्चं आहे. सराव करा. ही पेटी खोलीवर नेऊन द्या. पण वाटेत बोलत जायचं."

आम्ही बोलत गेलो. आय अ‍ॅम कॅरिंग अ बॉक्स. मोठ्यानं. लोक दारात येऊन बघत होते. आमच्या मोहल्ल्यातली मुलं गावातून इंग्रजी बोलत चालली आहेत, हे त्या गावानं पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या आठवड्यात हेडमास्तरांची धान्याची थैली होती. आय अ‍ॅम कॅरिंग अ बॅग. मग सरांचे पाहुणे. मग एक दिवस सर म्हणाले, "हायवेवर जा. वाड्यात पाहुणे येताहेत. बिछाना हा शब्द घेऊ आज." बदल्यात वाड्याच्या ओसरीखाली, पायरीवर बसवून अर्धा तास जास्तीचं शिकवणं. दिवाकर वर ओसरीवर, आम्ही खाली पायरीवर. आम्हाला वाटायचं, आम्ही निवडलेले आहोत. बाकीची मुलं जळायची.

माय तर हवेत होती. तलावावर बायांना सांगायची, "माही पोरगी इंग्रजीत बोलत बोलत घरी येते, बाई. मले एक अक्षर समजत नाही, पण आयकत राहावंसं वाटते."

माझी माय मूर्ख नव्हती. पण डोक्यावरच्या ओझ्याबरोबर इंग्रजी येतंय म्हटल्यावर तिनं इंग्रजीकडे पाहिलं. आमच्यापैकी कोणीही तेच केलं असतं. आम्ही शिक्षणाला इतके आसुसलेले होतो की ते ज्या हातानं आलं, त्या हाताकडे पाहिलंच नाही.

---

रोवण्याचे दिवस होते. आभाळ खाली आलेलं, चार दिवस ऊन नाही. मालगुजाराचा जावई नागपूरहून आला. तोच जावई. मी आणि शेवंता हायवेवर गेलो. मोठी पेटी माझ्या डोक्यावर आली, वळकटी तिच्या. जावई छत्री घेऊन मागे, धोतर वर धरून.

बांधावरून येताना दोन्ही बाजूंना बाया रोवणा करत होत्या. गुडघाभर पाण्यात, वाकलेल्या. त्यात माझी माय होती. तिला दिसावं म्हणून मी आवाज चढवला. "आय अ‍ॅम कॅरिंग अ बॉक्स! शी इज कॅरिंग अ बेडिंग!"

बाया कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. माय चिखलाच्या हातानं कपाळ पुसत हसली. "पाहा, पाहा, कशी बोलते!"

बांधाच्या टोकाला मालगुजार उभा होता. काळी छत्री, पायांत काही नाही. त्यानं जावयाच्या कोरड्या धोतराकडे पाहिलं. मग पाण्यातल्या आमच्या बायांकडे. मग हळूच, कौतुक केल्यासारखं म्हणाला, "लई वर्सांनी आमचा पाव्हणा कोरडा आला, नाई का वो बाई?"

मायच्या हातातली रोपांची पेंडी तशीच राहिली. ती पाण्यातून माझ्याकडे चालत आली.

"काय म्हणून राहिली तू?" तिनं विचारलं.

"कॅरी म्हणजे नेणं. मी पेटी नेऊन राहिली, असं म्हटलं."

"कोणाची?"

सरांच्या वाक्यात ते नव्हतं. वाक्यात मी होते, पेटी होती. पेटीचा मालक नव्हता.

मालगुजार म्हणाला, "राहू द्या, बाई. पोट्टी शिकून राहिली. शिकू द्या." आणि मला म्हणाला, "चाल पोट्टे, भिजते पेटी."

मी चालू लागले. हे मी आजही स्वतःच्या तोंडानं सांगते. मायच्या डोळ्यांसमोरून ती पेटी मी वाड्यापर्यंत नेली. फरक एवढाच की तोंडातून वाक्य निघालं नाही.

घरी माय भाकरी थापायला बसली. बाप सुपात बिड्या वळत बसला होता. तिनं त्याला सगळं सांगितलं, मग मला म्हणाली, "शेवंता बोलली मले, त्या मास्तरनं वर्गात काय म्हटलं ते बी सांग." मी सांगितलं. तुझ्या बापाचं नाव कोणाला ठाऊक आहे, हे सांगितलं.

बापानं सूप बाजूला ठेवलं. टोपी काढली आणि माझ्यासमोर बसून मान खाली घातली.

"इथं हात लाव," म्हणाला.

मी लावला. टाळूवर, जिथं चुंबळ बसते तिथं, केस नव्हते. कातडी जाड आणि गुळगुळीत, बैलाच्या खांद्यासारखी. मी त्याची मुलगी, आणि मला ते तोवर ठाऊक नव्हतं. तो नेहमी टोपी घालायचा.

"हे माहं नाव," बाप म्हणाला. "मास्तरले ठाऊक नसन. मालगुजाराच्या सगळ्या पेट्यायले ठाऊक आहे."

माय म्हणाली, "उद्यापासून नको पाठवू हिले शाळेत."

"शाळेत जाईन ते," बाप म्हणाला. "पेटी नाही उचलन. मार पडला तर खाय. मारानं दुखते, मंग थांबते. हे थांबत नाही."

---

पण पेटी आता माझ्यापुरती राहिली नव्हती. दोन-तीन दिवसांत कोतवाल मोहल्ल्यात आला. शाळा तपासायला साहेब येणार. मुक्काम वाड्यात. सामान पुष्कळ. मालगुजारांचा निरोप होता की मोठ्या माणसांनी हायवेवर यावं.

आमच्यातला एक म्हातारा म्हणाला, "ते तं आमी सोडलं ना, बाप्पा."

कोतवाल हसला. "सोडलं? पोरं तं रोज आणून राहिले तुमचे! लेकरायनं आणलं तं चालते, बापायले लाज वाटते काय?"

मूठ भरून झाली होती. पिशवी पुढे आली होती.

त्या संध्याकाळी विहारात सगळे जमले. काही म्हणाले, एका दिवसाचा प्रश्न आहे, रोवणा चालू आहे, मालगुजारानं काम बंद केलं तर खायचं काय? बापानं फक्त डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून बसला. जे बोलत होते, ते हळूहळू गप्प झाले. ठरलं काहीच नाही. पण हायवेवर कोणी गेलं नाही. साहेबाचं सामान बंडीतून आलं, बंडी रुतली आणि साहेब भिजलेल्या बुटांनी गावात आला.

दुसऱ्या दिवशी वर्गात साहेबासाठी खुर्ची मांडली होती. दारात मालगुजार, पान खात. सरांनी तोच धडा घेतला. एक क्रियापद, दोन अर्थ. फळ्यावर दोन्ही वाक्यं लिहिलेली. टेबलाजवळ हिरवी पेटी.

"कम हिअर," सर मला म्हणाले. "लिफ्ट द बॉक्स."

मी पुढे गेले. पेटीजवळ उभी राहिले. हात खाली सोडलेले.

"लिफ्ट," सर म्हणाले. मग दात न उघडता, हळू, "उचल."

आम्हा मागच्या बाकांना सरांनी एक वाक्य खास पाठ करून घेतलं होतं. साहेबानं काही विचारलं आणि आलं नाही, तर म्हणायचं, आय डू नॉट नो. माझ्याकडे नकाराचं तेवढंच सामान होतं. मी त्यातूनच जुळवलं.

"आय डू नॉट कॅरी."

सरांचा चेहरा पांढरा पडला. दारातल्या मालगुजाराचं पान चावणं थांबलं. आणि साहेब, त्याला काय कळणार, तो खुर्चीत पुढे सरकला. प्रेमानं म्हणाला, "चुकलं, बाळ. विल नॉट. आय विल नॉट कॅरी. म्हण बघू."

"आय विल नॉट कॅरी," मी म्हणाले.

"गुड!"

सर घाईनं म्हणाले, "शेवंता, यू कम." शेवंता आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. "आय विल नॉट कॅरी," ती म्हणाली. सरांनी तिसऱ्याला बोलावलं. त्यानं जागेवरूनच म्हटलं. मग चौथ्यानं. मागच्या बाकावरून, एकामागून एक.

साहेब खूश. "सराव छान करून घेतलाय, मास्तर. उच्चारही बरे आहेत. पण मग साधा अर्थ कोण दाखवणार?" त्यानं समोर पाहिलं. पहिल्या बाकावर दिवाकर. "तू ये. तू उचल पेटी. होऊ दे धडा पुरा."

दिवाकर उठला. त्यानं पेटीकडे पाहिलं नाही, दाराकडे पाहिलं. मालगुजारानं मान हलवली. अगदी थोडी. फक्त त्या पोराला आणि मला दिसेल एवढी.

दिवाकर म्हणाला, "आय डू नॉट नो."

साहेबानं घड्याळ पाहिलं. धडा संपला.

पेटी तिथंच राहिली. वर्गाच्या मधोमध, वाटेत. शाळा सुटली तेव्हा मुलं तिला वळसा घालून बाहेर पडली. पेटी उचलणं म्हणजे आम्ही, असं त्यांनीच ठरवलं होतं. आता ती उचलून आमच्यासारखं व्हायला त्यांच्यातलं कोण तयार होणार? शिपायानं उचलली नाही. हेडमास्तर तिच्यावरून पाय टाकून गेले. संध्याकाळी आम्ही कडुनिंबाखाली उभे राहून पाहिलं. सरांनी पेटीचं कुलूप उघडलं, पुस्तकं काढली आणि धोतरात गुंडाळून काखेत लपवून पावसातून नेली. एक खेप. मग दुसरी. रिकामी पेटी रात्रभर तिथंच होती.

शेवंता हसू लागली. मी पण. मग हायवेच्या बाजूनं मालगुजार येताना दिसला आणि आमचं हसू जागच्या जागी विझलं. तो आमच्याजवळ थांबला. आवाज तोच, मऊ.

"ओझं नाही नेत ना तुमी? बरं हाय. मंग पाण्याचं बी नका नेऊ."

---

तलावाची वाट त्याच्या बांधीतून जायची. दुसऱ्या सकाळी त्या वाटेवर काटे होते आणि काट्यांमागे काठ्या घेतलेली माणसं. ती काही बोलायची नाहीत. नुसती आमच्या बायांच्या घागरींकडे बघायची. आमच्या बाया लांबच्या बोडीवरून, एका लहानशा तळ्यावरून, गढूळ पाणी आणू लागल्या. रोवण्याचं काम बंद. बिड्या घेणारा ठेकेदार वाड्यात जेवायला बसणारा. त्यानं बापाच्या बिड्या छाटात टाकायला सुरुवात केली. पान जाड आहे, तंबाखू कमी आहे, बांधणी सैल आहे. तीच बोटं, तीच बिडी. मला सरांनी इंग्रजीत नापास केलं आणि वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले, "वरचा अर्थ कळायला डोकं रिकामं लागतं."

त्या वर्षी आम्ही गाव सोडून फाट्यावर आलो. ताडपत्रीखाली. माय वांगी विकायला बसली, मी तिच्या शेजारी. आठवीच्या पुढं मी शाळा पाहिली नाही. बाप दोन पावसाळ्यांनी गेला. त्याला न्यायला मोहल्ल्यातले सगळे आले होते. ते ओझं उचलायला कोणाला सांगावं लागलं नाही.

पण मोहल्ला झुकला नाही, हे लिहून ठेवते. पाणी लांबून आणलं, मजुरीला जवळच्या शहापूरकडे गेले, पुढे वरठीच्या कारखान्यावर गेले. मालगुजाराची पेटी पुन्हा कोणी उचलली नाही. मालगुजार मेला, तेव्हाही वाट बंदच होती.

---

हे सगळं आज लिहायला बसले, कारण मागच्या सोमवारी माझ्या दुकानासमोर जीप थांबली. त्यातून दिवाकर उतरला. आता पांढरे कपडे, पोट, मागेपुढे माणसं. शाळेच्या संस्थेचा तोच अध्यक्ष.

"काय ताई, ओळखलं का?"

"बोला."

तो बाकावर बसला. बोलता बोलता टोपलीतून एक शिंगाडा उचलला, सोलला, तोंडात टाकला. मी त्या हाताकडे बघत होते.

"शाळेचा मोठा कार्यक्रम आहे," तो म्हणाला. "मंत्रीसाहेब येऊन राहिले. जुन्या विद्यार्थ्यायचा सत्कार आहे. मी सांगितलं कमिटीले, ताईचं नाव पयलं पायजे. एवढा धंदा उभा केला. शाळेचं नाव तुमी पुढं नेलं ताई."

इतक्या वर्षांनी. ज्या वाक्यासाठी मी पेटीखालून तोंड उघडलं होतं, ते वाक्य यानं माझ्या दुकानात आणून दिलं. शाल आणि नारळासकट. खोटं बोलणार नाही, क्षणभर छाती भरून आली. मंचावरची खुर्ची दिसली. माय अजून आहे. तिला पहिल्या रांगेत बसवता आलं असतं.

मी थांबले. सौद्यात जो थांबतो, त्याला दुसऱ्याचं पुढचं बोलणं ऐकायला मिळतं.

तो म्हणाला, "एक लहानसं काम होतं. पाण्यापावसाचे दिवस. मंडप, खुर्च्या, लाउडस्पीकर, सारं सामान ट्रकनं फाट्यावर उतरन. आत ट्रक जात नाही, तुमाले तं माहीत. तुमच्या मोहल्ल्यातले पोट्टे पाठवून द्या. तुमचं आयकते ते. शाळेचंच काम आहे, पैशाची गोष्ट नका काढू."

एक शिंगाडा. मग मूठ. मग पिशवी.

"तुमच्या घरचे पोट्टे किती उचलून राहिले?" मी विचारलं.

तो हसला. "चेष्टा करता का ताई."

"नाही. भाव सांगून राहिली. पयली खुर्ची तू डोक्यावर घे. इथून निघ. मालगुजाराच्या वाड्यावरून नको जाऊ, मोहल्ल्यातून जाय. माह्या बापाच्या दारात मिनिटभर थांब. मंग पाहू, मांगून कोण येते."

त्याच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. दिवाकर उठला. हात झटकले. आवाज त्याच्या बापाचा होता. तसाच मऊ.

"रस्ता रुंद करायचं चाललं आहे ताई. दुकान तुमचं रस्त्यातच येते, नाई का?"

"येते," मी म्हणाले. "शिंगाड्याचे पैसे ठेवून जाय."

"एका शिंगाड्याचे?"

"एकाचेच."

त्यानं नाणं टाकलं. टोपलीत नाही, खाली मातीत. मी त्याच्या डोळ्यांत बघत उभी राहिले. वाकले नाही. नाणं अजून तिथंच आहे.

त्यानंतर जीप रोज येते. दुकानासमोर थांबते, कोणी उतरत नाही. काल एक माणूस मोजपट्टी घेऊन माझ्या ओट्यापासून रस्त्यापर्यंतचं अंतर मोजून गेला. माय विचारते, "काहून येऊन राहिले ते?" मी तिला सांगत नाही. तिला ठाऊक आहे.

मी मोहल्ल्यात जाऊन आले. पोरांना ही सगळी गोष्ट सांगितली, आत्ता लिहिली तशीच. बापाची टाळू कशी लागत होती हातांना, तेही सांगितलं. शेवंताचा मुलगा त्याच शाळेत आठवीला आहे. त्यानं मला विचारलं नाही की दुकान गेलं तर काय.

उद्या कार्यक्रम आहे. सकाळपासून आभाळ उतरलं आहे. ट्रक आज संध्याकाळी येईल. मंत्र्याच्या खुर्च्या या फाट्यावर उतरतील, माझ्या दारात. मी ओट्यावर बसणार आहे. मंचावर नाही. आमच्यातला एकजण जरी हात लावायला आला, तर त्याच्या आणि खुर्चीच्या मधे मी असेन. दुकान पाडायचं तर मला त्यात बसलेली ठेवून पाडावं लागेल.

त्यांना हव्या असतील, तर त्यांनी आपापली डोकी घेऊन यावं. नाहीतर खुर्च्या इथंच राहतील. इथंच भिजतील.